शेरा : काही तक्रार नाही

तीन वर्षं झाली, माझ्या डाव्या कानात आवाज आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक सूं सुरू होतं ना, तसा. फक्त शिट्टी कधीच होत नाही आणि गॅस बंद करायची सोय नाही. भांडी घासताना, जेवताना, कुणाच्या मयतीला गेलं तरी तो चालूच.

याचा मला किती त्रास होतो हे मोजायचं आमच्या घरातलं माप सोपं आहे. चहा वेळेवर आला आणि भाकरी करपली नाही, म्हणजे त्रास नाही. हे माप आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. माकणीच्या धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. पाणी बोटभर उतरलं तरी वहीत लिहायचे. शेजारी बसून जेवणारी बाई किती उतरली, ते काही त्यांना दिसलं नाही. जावेनं लसणाचं तेल घालायला सांगितलं. लेकानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, तू लक्षच देऊ नको." लई हुशार. कान काढून खुंटीला टांगता आला असता, तर मी काय त्याच्या सल्ल्याची वाट बघत बसले असते?

शेवटी भांडून धाराशिवच्या एका कानाच्या दवाखान्यात गेले. मालक सोबत आले, कारण बाईमाणूस एकटं डॉक्टरकडं गेलं की त्यांची अब्रू जाते. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासला आणि सरळ सांगितलं, आवाज जाणार नाही. पण त्याच्यासोबत राहायला शिकवतात. आठवड्याला एक बैठक, आणि कानात घालायचं एक यंत्र, ते स्वतः हलका आवाज करून या आवाजाला झाकतं. गट लहान, म्हणून ज्यांच्या मनाला जास्त त्रास त्यांनाच जागा. त्रास किती, ते पंचवीस प्रश्नांच्या कागदावर शंभरापैकी ठरणार; आकडा जितका मोठा, तितका त्रास जास्त. खरं सांगते, मला ती जागा हवी होती. इतक्या वर्षांत स्वतःसाठी इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं.

कागद भरायला तिशीतली एक चष्मेवाली बाई होती. तिनं पहिला प्रश्न वाचला, "कर्णनादामुळे आपली एकाग्रता भंग पावते का?" आणि बघितलं मालकांकडं.

"हिचं ध्यान आधीपासूनच कमी हाय," मालक म्हणाले. बाईनं 'नाही'वर खूण केली.

"झोपेत व्यत्यय येतो का?"

"न्हाय न्हाय. माझ्या आधी झोपती."

मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून पडते, त्याला हे झोप म्हणतात. 'नाही.'

"चिडचिड होते का?"

"ती जन्माचीच हाय," म्हणून मालक हसले. बाईपण हसली. 'कधी कधी.'

असे पंचवीस. माझ्या मनाची मोजणी माझ्या डोक्यावरून चालली होती आणि मी मधे बसले होते, बाजारात दात बघायला आणलेल्या म्हशीसारखी.

तुम्ही म्हणाल, तोंड शिवलं होतं का? शिवलं नव्हतं. मी त्या बाईचा हात बघत होते. तो हात माझ्या ओळखीचा होता. अठ्ठावीस वर्षं मी अंगणवाडीत नोकरी केली. बाळंतिणींच्या घरी जायचं आणि वही भरायची. जेवण जातं का, गोळ्या घेते का, काही तक्रार आहे का. विचारायचं ते सासूला. एका घरी सासू म्हणाली, "ठणठणीत हाय, तिला काय धाड भरली." सून दाराआड बाळ घेऊन उभी होती. बाळ रडत होतं आणि ती त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. मला ते दिसलं. चांगलं दिसलं. पण 'तक्रार आहे' असं लिहिलं की वर कळवा, मग पर्यवेक्षिका येणार, परत चार फेऱ्या मारा. मी चहा घेतला आणि शेऱ्यात लिहिलं, काही तक्रार नाही. चार महिन्यांनी तिचा बाप तिला माहेरी घेऊन गेला, तेव्हा ती बोलायचीच बंद झाली होती. बाळ इकडंच राहिलं. माझी वही मात्र स्वच्छ. त्या वर्षी नीटनेटक्या वहीबद्दल माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. ती शाल मी अजून वापरते, इतकी मी निर्लज्ज आहे.

बाईनं बेरीज केली. "काकू, त्रास सौम्य आहे. तुम्ही गटात बसत नाही."

"म्या म्हणलं नव्हतं?" मालक उठले. "चल, दोनची गाडी घावंल."

मी उठले नाही. "तुम्ही बाहेर जाऊन बसा," मी म्हणाले.

"आं?"

"बाहेर. बाकड्यावर."

अडतीस वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते गेले, दाराला खांदा धडकवून. मग मी बाईला म्हणाले, "नवा कागद काढा. आणि या वेळी माझ्याकडं बघून विचारा. कागद कसे भरतात ते मला सांगू नका, त्यात माझी हयात गेली." तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण काढला.

पुन्हा पंचवीस. हो. हो. कधी कधी. हो. शेवटून दुसरा प्रश्न होता, "जगणे नकोसे वाटते का?" मघाशी याला मालकांनी सांगितलं होतं, "हिला? लई हौस हाय जगायची." मी म्हणाले, "हो."

बाईचं पेन थांबलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "कधी वाटतं, काकू?"

"धुणं वाळत घालताना. गच्चीवर शांत असतं, मग हा एकटाच ऐकू येतो."

"घरी माहिती आहे?"

"बाहेर बसलेत त्यांना विचारा. मजेत हाय, म्हणतील."

तिनं खूण केली आणि बेरीज दोनदा केली. बहात्तर. डॉक्टरांनी लगेच आत बोलावलं, अर्धा तास माझ्याशी बोलले, आणि गटात माझं नाव लिहिलं.

बाहेर मालक गाडी चुकली म्हणून धुमसत बसले होते. "किती पडले?"

"बहात्तर."

"शंभरात?"

"शंभरात."

त्यांचा चेहरा उजळला. तिथंच उभं राहून त्यांनी लेकाला फोन लावला. "आरं, आईची तपासणी झाली. बहात्तर पडले. फस्ट क्लासात हाय तुझी आई." कुणाला समजावायचं, आणि किती वेळा?

"घे, बोल," म्हणून त्यांनी कौतुकानं फोन माझ्या कानाला लावला. डाव्या कानाला. तीन वर्षांत कान कुठला, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.