केळीवाल्या आबांचं ऑर्किड

झुलाल आबांनी भडगावला उभा जन्म केळी पिकवली. केळीचा कायदा सोपा. घड उतरला की खोड आडवं करायचं, शेणखत टाकायचं, पाणी सोडायचं. पिंप्राळ्याला मुलाकडे राहायला आल्यावर आबांनी हाच कायदा सुनेच्या ऑर्किडला लावला.

सून डिंपल ऐन उन्हाळ्यात बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेली. "आबा, नोकरी सोडताना मैत्रिणींनी दिलेलं झाड आहे. तेवढंच राहिलंय तिथलं," असं म्हणून तिने कुंडी सोपवली. फुलं गळताच आबांनी विळा चालवून दांडा उडवला. कुंडीतल्या नारळाच्या शेंड्या कचरा म्हणून फेकल्या, काळी माती भरली, वर शेण. मग पाणी, अगदी सढळ हाताने. थोड्याच दिवसांत पानं लोळली. उपटून पाहतात तर मुळं लिबलिबीत!

आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्यांनी कुजकं कापलं, कोळशाचे तुकडे नि फेकलेल्या शेंड्या शोधून भरल्या. ऊन एवढं, की कूलरसमोरची आपली खुर्चीही त्यांनी कुंडीला दिली. झाड गारव्यात आणि आबा शेजारी घामाने निथळत. घास तोंडात ठेवून उठायचे, बोट खुपसून ओल बघायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे.

"कितलांदा देखशात? मन्हाकडे तरी इतलं देखं का कधी?" तानुबाई म्हणायच्या. नवरा चाळीस वर्षांत प्रथमच कुणाची एवढी सेवा करत होता आणि तीही एका झाडाची, हे त्यांना खुपणारच.

डिंपलचा व्हिडिओ कॉल आला की आबा सगळं ठीक असल्याचं सांगायचे, "बठ्ठं बरं शे!" आणि कॅमेरा छताकडे.

"आबा, पंखा नका दाखवू, झाड दाखवा!"

"रेंज नही बेटा."

थंडी पडली. नातीला घेऊन डिंपल आली, तेव्हा कुंडीत चारच पानं होती आणि त्यांच्या बगलेत एक हिरवा कोंब. तो मूळ की फुलाचा दांडा, या घोराने आबा आठवडाभर घरभर फिरत होते.

"माझ्या हातून मरत होतं ते," आबा दारातच बोलून गेले. "केळीसारखं केलं मी."

डिंपल वाकली. कोंब निरखला. "आबा, दांडा आहे हा! फुलं येणार."

आबा हुश्श करून बसतील, असं सगळ्यांना वाटलं. पण ते चपला घालून निघाले.

"आता कुठे?" तानुबाई ओरडल्या.

"बांबू आणाले! वजन पेलायला टेकू नको त्याला?"