मेलेला काका जेवायला बसतो

जळगावातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी कादंबऱ्यांवर लिहितो. पोटासाठी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, पण लोक मला ओळखतात ते पुरवणीमुळे. संपादकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की सगळ्या प्रकारचं आलं पाहिजे, नुसतं एकाच तऱ्हेचं दळण नको. त्यामुळे एका रविवारी रहस्यकथा, दुसऱ्या रविवारी ऐतिहासिक, मग कौटुंबिक, मग भुताखेतांची, मधूनच विज्ञानकथा, असा माझा फेरा चालतो. कोणती कादंबरी कुणी आणि कधी वाचावी हेही मी सांगतो. मे महिन्यात जळगावात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा खून करावेत. म्हणजे वाचावेत. बारा तासांच्या प्रवासाला निघालात तर सोबत एखादा किल्ला घ्या. हे वाचकांना आवडतं. केळीच्या वखारीतला माणूससुद्धा मला रस्त्यात थांबवून विचारतो, सर, या आठवड्यात काय?

आता माझी कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. रहस्यकथा आणि भुतं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला राहवतच नाही. जाड आणि गंभीर कादंबरीचं मात्र वेगळं असतं. ती अर्ध्यावर आली की तिचा आवाका कळतो, आणि आवाका कळला की लिहिता येतं. हा शब्द ज्यानं शोधला त्यानं आम्हा परीक्षणवाल्यांवर फार उपकार केले आहेत. लेख गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो आणि आठशे पानं गुरुवारपर्यंत कुणाचीच होत नाहीत. माझ्या ओळखीचे सगळेच असं करतात. म्हणून ते बरोबर आहे असं नाही, एवढं मला आता कळतं.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याला एका पुस्तकाच्या प्रकाशनाला गेलो होतो. व्यासपीठावर मलाही बसवलं होतं. सूत्रसंचालन करणारे एक प्राध्यापक होते. त्यांनी बाकीच्यांची ओळख करून देताना समीक्षक, अभ्यासक, चिंतक असे जड जड शब्द वापरले आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "आणि हे रहस्य, भय वगैरे लिहिणारे आपले मित्र." लोक हसले. मीही हसलो. पण तो 'वगैरे' माझ्या घशात अडकला तो जेवणातल्या शेवभाजीबरोबरही खाली उतरला नाही. परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी ठरवून टाकलं की आता असं काही लिहायचं की या प्राध्यापकाची बोलती बंद झाली पाहिजे.

तशी कादंबरी टेबलावर आलेलीच होती. तीन पिढ्या, एक नदी, आठशे पानं, आणि काही वाक्यं अशी लांबलचक की क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरावा. मी साडेतीनशे पानांपर्यंत गेलो. आवाका कळला. मग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत भारदस्त लेख लिहिला. 'गंभीर वाचकाने आयुष्यात एकदा तरी या नदीत उतरावे' असं त्यात एक वाक्य होतं, आणि ते मला इतकं आवडलं की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही उतरलात का?" मी म्हटलं, "तू चहा टाक."

त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमचं गाव नरडाण्याच्या बाजूला, पण ती लग्न होऊन धुळ्याला गेली ती तिथलीच झाली. सातवीनंतर तिची शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. धुळ्यात पुस्तकं भाड्यानं देणारं एक दुकान होतं, त्यातली भुतं, चेटकिणी आणि गुप्तहेर तिनं सगळे संपवले होते. मेहुणे गेल्यापासून तर ती स्वयंपाक आटोपला की वाचायलाच बसायची. माझा लेख ती दर रविवारी वाचायची, आणि मी ज्यांची शिफारस करायचो ती पुस्तकं कुठूनही पैदा करायची. भुतांच्या बाबतीत आमचं मत सहसा जुळायचं.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा काहीतरी आजार होता. वर्षभर इंजेक्शनं चालली होती. त्या दिवशी फोनवर ती म्हणाली, "भाऊ, डॉक्टर म्हने, काय वाचनं व्हई ते आतेच वाची ल्या. मंग मधलं काही दिखनार नई."

मधलं म्हणजे नजरेच्या मधलं. तिला दाराची चौकट दिसणार होती, दारात उभ्या माणसाचं तोंड दिसणार नव्हतं. पुस्तकाचा कडेचा समास दिसणार होता, अक्षर नाही. ती रडत वगैरे नव्हती. बाजारात जाताना काय आणायचं विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "तू इतला लोकेस्ले सांगस, माले बी सांग. एकच सांग, पन एकदम चांगलं सांग."

मला तेव्हा काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. अक्काला काय आवडतं ते मी लहानपणापासून ओळखत होतो. त्याच महिन्यात मी भुताची एक नवी कादंबरी वाचली होती. कापसाच्या पडक्या जिनिंगमध्ये घडणारी, इतकी झकास की वाचताना मी उठून मागचं दार लावून आलो होतो. ती तिला सांगायची, एवढं साधं होतं. पण माझ्या डोक्यात तो 'वगैरे' बसला होता. आयुष्यातलं शेवटचं पुस्तक आणि ते भुताचं? माझ्या बहिणीचं? मी तिला नदी सांगितली. नुसती सांगितली नाही, माझीच प्रत पाठवली. महाविद्यालयातला एक सहकारी धुळ्याला निघाला होता, त्याच्या पिशवीत घातली आणि फोनवर अक्काला म्हटलं, "हाई पुस्तक म्हंजे बठ्ठास्ना, सगळास्ना बाप शे."

ती भारावून गेली. भावानं इतकं मोठं पुस्तक आपल्याला वाचायला दिलं याचंच तिला अप्रूप. मधल्या महिन्यांत फोन व्हायचे तेव्हा ती म्हणायची, चाललंय, हळूहळू चाललंय. आवडतंय का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

हिवाळ्यात धुळ्याला गेलो. अक्कानं भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती. भाकरी ती आता हातानं चाचपून थापत होती आणि माझ्याकडे बघताना माझ्या कानाकडे बघत होती. कडेनं बघितलं की थोडं दिसतं म्हणाली. जेवण झालं आणि ती कादंबरी तिनं समोर आणून ठेवली. मध्ये खूण म्हणून औषधाच्या खोक्याचा तुकडा घातला होता.

"अर्ध्यावर सोडली का?" मी विचारलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं.

"नई. एक डाव पुरं वाची टाकं," ती म्हणाली. "पन शेवट समजना नई. तो धाकला काका पहिल्या भागमा मरी जास ना? नदीमा? त्याना दहावा बी व्हई जास. मंग शेवटले लगनमा तो जेवाले कसा बठना? माले वाटनं, मनंच काहीतरी सुटनं व्हई. तू इतलं चांगलं म्हने. म्हनीसन परत पहिलपासून वाचाले लागनू. अर्धं व्हयनं, आन अक्षरंच गयात."

म्हणजे तिनं एकूण बाराशे पानं वाचली होती. भिंग धरून, खिडकीशी बसून, एकेक ओळ. मी साडेतीनशे.

"तो काका कसा काय आला ते सांग," ती म्हणाली आणि माझ्या कानाकडे बघत थांबली.

खरं सांगायची ती वेळ होती. अक्का, मी तिथपर्यंत गेलोच नाही, एवढं म्हणायचं होतं. पण पुरवणीत लिहून लिहून माणसाची जीभ वाईट वळणाला लागते. मी सांगितलं की ते लेखकानं मुद्दाम केलेलं आहे, तो काका म्हणजे सगळे पूर्वज, माणसं मरतात पण घरातून जात नाहीत, पंगतीत त्यांचं पान मांडलेलंच असतं. बोलता बोलता मलाच ते पटायला लागलं. अक्कानं मान डोलावली.

"मंग भूतच शे ना ते," ती म्हणाली. "सरळ लिखाले काय व्हयनं व्हतं त्याले?"

पण तिचं समाधान झालं होतं. आपलं काही सुटलं नव्हतं, अर्थ खोल होता आणि भावानं तो उकलून दाखवला, या आनंदात तिनं मला निघताना लोणच्याची बरणी दिली. ती बरणी मांडीवर घेऊन बसमध्ये मी राहिलेली पानं वाचायला काढली.

पुस्तक मी मागून घेतलं होतं. घरी पोचलो तरी संपलं नाही, पुढचे चार-पाच दिवस वाचत होतो. काका शेवटच्या प्रकरणात खरोखरच लग्नाला येतो. पंगतीत बसतो, वरण पुन्हा मागतो, वाढप्याशी जिलबीवरून वाद घालतो, हात धुतो, चप्पल शोधतो आणि जातो. कुणी दचकत नाही, कुणाला काही वाटत नाही. पूर्वज नाही आणि भूतही नाही. आपण या माणसाला पहिल्या भागात मारलं आहे हे लेखक चक्क विसरला होता.

तरी वाटलं, असेल काही. लेखकाचा फोन नंबर पुस्तकातच होता. मी लावला. माझा लेख त्यांनी जपून ठेवला होता, त्यामुळे ते फार प्रेमानं बोलले. काकाचं विचारल्यावर हसायला लागले. "अरे हो की. ते राहूनच गेलं. दोन खर्डे एकत्र करताना झालं बघा. इतक्या जणांनी लिहिलं, पण लक्षात आलेले तुम्ही पहिलेच. इतकं बारकाईनं आता वाचतं कोण?" मी आभार मानून फोन ठेवला. माझ्याच कानाखाली कुणीतरी वाजवावी असं मला वाटत होतं, आणि ते सांगायला त्या वेळी बायकोही घरात नव्हती.

हे अक्काला कळवायला मला सहा-सात महिने लागले. दर वेळी काहीतरी कारण काढायचो. आजारी माणसाला कशाला, आता काय उपयोग, ती समाधानी आहे तर असू दे. कारणं मला लेखासारखीच झरझर सुचतात. पण फोन केला की कळायचं, आज अक्कानं पंगतीतल्या काकाचा अर्थ शेजारणीला सांगितला, काल पिंपळनेरहून आलेल्या नणंदेला सांगितला. "मना भाऊनी सांगेल शे," असं पुढे जोडून. माझं खोटं ती अशी अभिमानानं वाटत होती, आणि दर फोननंतर मला माझ्याच बहिणीचा फोन नकोसा व्हायला लागला. ते सहन होईना तेव्हा मी गेलो.

दुपार होती. अक्का खाटेवर बसली होती. नातवानं मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली होती, ती तिनं बंद केली. मी सगळं सांगितलं. अर्धीच वाचली होती हे सांगितलं, अर्थ तिच्या समोर बसून बनवला हे सांगितलं, लेखक काय म्हणाले तेही सांगितलं. प्राध्यापकाच्या 'वगैरे'चंसुद्धा सांगितलं, कारण त्याशिवाय ते पुस्तक तिच्याकडे का आलं हे कळलं नसतं.

मला वाटलं अक्का चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे तो मरेलच व्हता," ती म्हणाली.

"हा, अक्का."

"मंग माले पहिलांदाच बराबर समजेल व्हतं."

"हा."

पदराच्या टोकाला तिनं एक पीळ घातला आणि सोडला. "मी दुसऱ्यांदा सुरू करं ना, तवय शेजारीननी भूतनं नवं पुस्तक आनेल व्हतं. जुनी जिनिंगनं काहीतरी व्हतं. मी तसंच परत करं. म्हंतं, पहिले भाऊनं पुस्तक समजी लेसू." मग माझ्या कानाकडे वळून तिनं विचारलं, "तू वाचेल शे का ते?"

"वाचेल शे," मी म्हटलं. "बठ्ठं वाचेल शे."

"चांगलं शे?"

"भलतं चांगलं शे, अक्का. मी तुले वाची दावसू. आतेच पुस्तक लई येस."

मी चप्पल घालायला उठलोसुद्धा होतो. तिनं हात हलवून मला बसवलं. तिला राग आलेला नव्हता, माझी समजूत काढावी तसं ती बोलली.

"ऱ्हाऊ दे. तू मना बाजूले बठेल ऱ्हाशी, मंग माले भीती कशी वाटी?"