मर्विनचा न मिटणारा करकोचा

वसई स्टेशनजवळच्या गाळ्यात मर्विन शाळेचे प्रोजेक्ट बनवून देतो. ज्वालामुखी, पचनसंस्था, गडकिल्ले. काम मर्विनचं, नाव मुलाचं, कौतुक आईचं, असा इथला रिवाज. वेगवेगळ्या नावांनी तो सहावी सतरा वेळा पास झालाय.

गेल्या जुलैत उमेळ्याच्या नव्या टॉवरमधल्या हेमांगीताई, सहावीतल्या आर्याची आई, आल्या.

"मर्विन अंकल, हिमालयातला सॅलॅमँडर आणि आपल्याकडचा करकोचा, दोघांची तुलना. सोमवारी द्यायचंय."

"आर्या काय करणार?"

"ती नाव घालेल ना."

सॅलॅमँडर मर्विनने कधी पाहिला नव्हता. वाचून कळलं ते एवढंच, की दिसायला पालीसारखा, नात्याने बेडकाचा. अंगाला खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत. तसाच घडवला. करकोच्यासाठी मात्र तो सायकलने उमेळ्याला गेला. टॉवरच्या मागे रामनाथदादांचं एक भातखाचर उरलंय. तिथे पाच-सहा करकोचे गोगलगायी शोधत होते. त्यांच्या चोचीला मधोमध फट होती.

"दादा, चोच मिटत नाही यांची?"

"नाय. जातच तशी. पयले पन्नास यायचे. आता पानी कुठं राह्यलंय? तिथं पार्किंग झालं."

दोन तास बांधावर बसून मर्विनने चित्रं काढली आणि फटीसकट करकोचा घडवला. इतकं मन लावून त्याने बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं.

मंगळवारी हेमांगीताई दोन्ही प्राणी घेऊन परत आल्या. बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं : 'चोच मिटत नाही. सॅलॅमँडरला खवले व नख्या नाहीत. काम अपूर्ण.'

"ताई, तुमच्या टॉवरमागेच आहेत करकोचे. खिडकीतून बघा."

"आमचा फ्लॅट स्विमिंग पूलच्या बाजूला आहे. आणि गुण बाई देतात, करकोचे नाही."

मर्विनने फटीत पुट्टी भरली, काट्याने खवले उमटवले, काड्यांच्या नख्या लावल्या. विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला. निसर्गाच्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल मुख्याध्यापकांनी आर्याची पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात नऊ आयांनी तसेच जोड मागितले. मर्विनने नऊ चोची मिटवून दिल्या.

मग एका दुपारी आर्या एकटीच गाळ्यावर आली.

"अंकल, मी शेतात जाऊन पाहिलं. सगळ्यांची चोच उघडीच आहे."

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, आजारी असतील."

मर्विनने तिच्यापुढे स्टूल आणि मातीचा गोळा सरकवला. तिने केलेला पक्षी बदकासारखा झाला. चोच मात्र उघडी होती.