वेगवेगळं ठेवणारा जनार्दन

जनार्दन मेहेर गेला, हे मला त्याच्या जावयाने दुकानात येऊन सांगितलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, मी नळाच्या तोट्या आकाराप्रमाणे वेगळ्या करून खोक्यात भरत होतो. "काका, बाबा सकाळी गेले. झोपेतच," तो म्हणाला. मी म्हणालो, "बरं." एवढंच. तो जरा घुटमळला, "येताय ना?" म्हणाला आणि स्कूटर काढून पुढच्या घरी सांगायला गेला. मी उरलेल्या तोट्या भरल्या, खोक्यावर चिठ्ठी चिकटवली आणि मगच मालकांना सांगून निघालो. याला आता दीड महिना होईल. दुःख झालं नव्हतं असं नाही. पण या वयात बातमी आत पोचायला वेळ लागतो… माझी पोचली ती त्याच्या गावाच्या, मुरब्याच्या, एसटीत, कंडक्टरने सुटे मागितले तेव्हा. खिशात हात घातला आणि कुठे चाललोय तेच मला सांगता येईना. मागच्या बाकावरच्या मासळीवाल्या बाईंनी "मुरबा का?" म्हणून विचारलं आणि माझं तिकीट काढलं.

सत्तरचं दशक संपत आलं असताना मी कराडकडून बोईसरला आलो. बी.एस्सी. झालेलो, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. जनार्दन तिथे प्लांटवर ऑपरेटर होता. नमुन्याची बाटली घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा आणि निकाल येईपर्यंत दाराशी उभा राहायचा. दर पाळीला सायकलने मुरब्याहून यायचा नि जायचा. एकदा मी सहज विचारलं, घर समुद्रावर असताना तू इथे या पिवळ्या पाण्यात काय करतोस? तो हसला नाही. त्याने सांगितलं की त्याचे वडील आणि चुलते एकाच दिवशी होडी बुडून गेले. दोघं भाऊ नेहमी वेगवेगळ्या होड्यांवर जायचे, पण त्या दिवशी एक होडी दुरुस्तीला वर काढलेली होती, म्हणून दोघं एकीत बसले. "तवापासून आमच्या घरात दोगं भाव एका होडीत जात नाय," तो म्हणाला. "आयने त्याच्याही म्होरं नेलं. म्हनाली, एक दर्यावर, एक जमिनीवर. धाकटा दर्यावर गेला. मी हितं आलो." त्याला दर्यावरच जायचं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. लॉटरी काढल्यासारखी त्याच्या आईने मुलांची वाटणी केली होती आणि याच्या वाट्याला कारखाना आला होता.

पैशाच्या बाबतीत त्याचं डोकं तयार झालं ते या एका गोष्टीतून, असं मला आता वाटतं. तेव्हा नुसतंच नवल वाटायचं. सातवी शिकलेला माणूस, पण पगार झाला की त्याचे वाटे ठरलेले. काही पोस्टात, काही धाकट्या भावाच्या बोटीत भागी म्हणून, बायकोच्या हट्टाखातर थोडं सोनं, आणि उरलं तर शेअर. शेअरचे अर्ज इंग्रजीत असत, म्हणून तो माझ्याकडे यायचा. शनिवारी पाळी सुटली की आम्ही कँटीनच्या मागच्या बाकावर बसायचो. मला इंग्रजी येत होतं, पैशातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मोठ्या अक्षरातलं वाचून दाखवायला लागलो की तो म्हणायचा, "ते ऱ्हाऊ दे. खाली बारीक लिवलंय ते वाच." मग त्याचे प्रश्न सुरू. ही कंपनी करते काय? कोणाला विकते? बुडाली तर आधी पैसे कोणाला मिळतात, बँकेला की आपल्याला? आपला नंबर शेवटचा, असं मी वाचून सांगितलं तेव्हा त्याने ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. "मंग फायदा झाला तर जास्ती मिलायला पायजे," तो म्हणाला. "शेवटी उभा ऱ्हायचा त्याचाच तो पैसा हाय." जोखीम आणि परतावा यांवर मी पुढे पुष्कळ वाचलं, पण माझ्या डोक्यात बसलं ते हेच वाक्य.

महागाईचंही तसंच. त्याच्या आईने नवरा गेल्यावर मिळालेले थोडे पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले होते, कोणाला हात लावू दिला नव्हता. खूप वर्षांनी डबा उघडला. "नोटा होत्या तेवड्याच होत्या," तो सांगायचा, "पन त्यात पापलेट येत व्हता तो बारीक झालता." प्लांटवर विक्रमगडकडून आलेली पोरं होती, पावसाळ्यात शेती करून बाकीचे महिने कारखान्यात राबणारी. ओव्हरटाइमचे पैसे मिळाले की ती रेडिओ, घड्याळ घेऊन गावी जायची. जनार्दन त्यांना अडवायचा नाही, फक्त विचारायचा, "काम सुटलं तर किती दिस खाशील?" उत्तर प्रदेशच्या कामगारांना हेच तो मोडक्या हिंदीत विचारायचा. त्याचा हिशेब सहा महिन्यांचा होता. सहा महिने चूल पेटेल एवढं हाताशी, लगेच काढता येईल असं. मग बाकीचं. काहीजण त्याला टाळायला लागले. पगाराच्या दिवशी असं कोणी विचारलेलं कोणाला आवडतं?

नव्वदनंतरची ती दोन वर्षं आली तेव्हा बोईसरला चहाच्या टपरीवरसुद्धा शेअरचे भाव बोलले जायचे. ज्यांनी आयुष्यात कंपनीचा ताळेबंद पाहिला नव्हता ते सकाळी पेपर हिसकावून घ्यायचे. त्याच सुमारास आमच्या कंपनीने शेअर बाजारात आणले आणि कामगारांसाठी काही राखून ठेवले. मी वेडा झालो, दुसरा शब्द नाही. फंडातून पैसे काढले, मुलीच्या नावावरची ठेव मोडली, बायकोला, सुनंदाला, सांगितलंही नाही. जनार्दनने थोडेच घेतले. माझा अर्ज पाहून तो बाकावरून उठलाच. "शिंदे, पगार हितून येतो. बचत पन हितंच? तू दोगं भाव एका होडीत बसवतोस." आजूबाजूला आठ-दहा जण होते, तेही अर्ज भरत होते. मला लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला. मी म्हणालो, "मासळी विकणाऱ्यांना कंपनी काय कळणार!" लोक हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाटल्यांची पेटी उचलली आणि प्लांटवर निघून गेला.

पुढे भाव दुप्पट झाला. जनार्दनने त्याचे शेअर महिन्याभरातच विकून टाकले होते, आणि विकल्यावरही भाव चढतच राहिला. त्याला घाबरट म्हणून चिडवलं, तोंडावर चिडवलं. चिडवणाऱ्यांत मी होतो. तो नमुन्याची बाटली माझ्याऐवजी दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायला लागला. दोन वर्षांहून जास्त काळ आम्ही एका छपराखाली काम केलं आणि एकमेकांशी कामापुरतंही बोललो नाही.

मग बाजार पडला. आम्ही म्हटलं, परत चढेल. परदेशी माल स्वस्तात यायला लागला, आमची गोदामं भरून राहिली, पगार आधी आठवड्याने आणि मग महिन्याने पुढे गेले. तेव्हाही विकावंसं कोणाला वाटलं नाही, कारण विकणं म्हणजे चुकलो हे कबूल करणं. एका सोमवारी पहिल्या पाळीला गेलो तर गेटला कुलूप, वर नोटीस. त्याच आठवड्यात शेअर घ्यायला कोणी उरलं नाही. पगार आणि बचत एकदमच गेली, कारण दोन्ही एकच होतं… हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

सुनंदाला त्या दिवशी सगळं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "मला विचारायचं तरी." तीन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही. आणि एका संध्याकाळी जनार्दन दारात उभा. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. ती त्याने सुनंदाच्या हातात दिली, माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि विचारलं, "सा म्हयन्यांचं हाय घरात?" मी म्हणालो, सहा दिवसांचंही नाही. त्याने मान हलवली. मी वाट पाहत होतो, आता तो ते होडीचं वाक्य म्हणेल. त्याने नाहीच म्हटलं. सुनंदाला म्हणाला, "वयनी, तुमी पन बसा. ह्याला एकट्याला कललं तर परत तेच व्हनार." मग दोन तास आम्ही तिघं बसलो. काय थांबवायचं, काय काही झालं तरी थांबवायचं नाही, मुलीची शाळा कुठल्या रकान्यात. विम्याचा हप्ता मी सोडून द्यायला निघालो होतो, त्याने सोडू दिला नाही. जाताना दाराशी म्हणाला, "उसने देनार नाय मी. दिले तर तू माज्या घरी यायचा बंद व्हशील." पंधरा दिवसांनी त्यानेच ओळखीने मला या हार्डवेअरच्या दुकानात लावलं. तो स्वतः एका छोट्या युनिटवर वॉचमन झाला होता.

इथे थांबलो तर त्याची गोष्ट फार सोपी होईल. शहाणा माणूस वाचला, मूर्ख बुडाला. तसं झालं नाही. वर्षभरात त्याच्या बायकोला, हिराला, आजार निघाला. मुंबईच्या खेपा, तपासण्या, औषधं. आधी हाताशी ठेवलेलं गेलं. मग इतर कंपन्यांचे शेअर, तेही पडत्या भावात. मग पोस्टातलं, मुदतीच्या आधी. मग सोनं, जे त्याला कधीच घ्यायचं नव्हतं आणि जे सगळ्यात चटकन विकलं गेलं. शेवटी बोटीतली भागी धाकट्या भावाने घेतली. हिरा तीन वर्षं जगली. ती गेल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता, पाठ भिंतीला टेकून. "सगलं वेगलं वेगलं ठेवलं व्हतं, शिंदे," तो म्हणाला. "मंग एकेक काडत गेलो." मी म्हणालो, सगळंच गेलं रे. तो म्हणाला, "गेलं कुटं? तीन वर्सं मिलाली ना." आवाजात समाधान नव्हतं, तक्रारही नव्हती. लांबून सायकल मारत आलेल्या माणसाचा असतो तसा आवाज होता.

शेवटची भेट या वर्षीचीच. त्याला दम लागायचा, दोन वाक्यांमध्ये थांबायचा. नातीच्या नावाने पंधरा वर्षांचं खातं काढायचा अर्ज त्याने पुढे केला. मी न राहवून म्हणालो, "जनार्दन, आता? पंधरा वर्षं?" तो म्हणाला, "पंदरा वर्सं तशी पन जानारच हायत." मी अर्ज भरायला घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पेन थांबलं. इतक्या वर्षांत जे म्हणालो नव्हतो ते म्हणायचं होतं. "जनार्दन, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोललो…" त्याने बोट अर्जावर ठेवलं. "म्होरलं लिव," म्हणाला. मी पुढचं लिहिलं. त्याला ऐकायचं नव्हतं की ऐकून झालं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या मुलीने, रंजनाने, कागदपत्रं बघायला बोलावलं. मी दिवसभराच्या तयारीने गेलो होतो. काम अर्ध्या तासात संपलं. जे थोडं उरलं होतं त्या प्रत्येकावर नॉमिनीचा रकाना भरलेला, कोणाचं काय ते स्वच्छ लिहिलेलं. मी कौतुक केलं तर रंजना म्हणाली, "आमाला सगलं पाठच व्हतं, काका. म्हयन्याच्या पयल्या रविवारी बाबा आयला समोर बसवून एकेक कागद वाचून दाखवायचे. आय कंटालायची. आय गेली तवा मला बसवायला लागले." या गोष्टीबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

घरी येऊन माझी पिशवी काढली. पोस्टाचं पुस्तक, विमा, मुलीसाठी पुन्हा सुरू केलेली ठेव. तीनपैकी दोन ठिकाणी नॉमिनीचा रकाना कोरा. ते आधी भरलं. आणि त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणं झाल्यावर, सुनंदाला समोर बसवलं. सगळं वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत, एवढंच आहे आमचं. ती ऐकत होती, मध्येच विचारत होती, हे कधी मिळतं, हे आधी काढलं तर किती कापतात. काहींची उत्तरं मला आली नाहीत.

परवा पुढच्या महिन्याचा पहिला रविवार झाला. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात सुनंदाने पिशवी स्वतःकडे ओढली. "आज मी वाचते. तुम्ही ऐका," म्हणाली. विम्याचा कागद इंग्रजीत आहे, तिथे ती अडखळली, बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागली. माझ्या ओठांवर शब्द आला होता, पण मी सांगितला नाही. मी नसेन तेव्हा तिला तो लागणार आहे… तिने तो पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला. मी बसून राहिलो.