तिसऱ्या गाडीचा आवाज

मामांचा आवाज मोठा नव्हता. मोठ्या आवाजाची माणसं आमच्या भागात पुष्कळ होती आणि भांडणापलीकडे त्यांचा फारसा उपयोग होत नसे. मामांचा आवाज लांब जाई. ट्रकचं इंजिन कितीही धडधडत असो, फुफाट्याने पुढची गाडी दिसेनाशी झालेली असो, तो आवाज नेमका आपल्या कानाशी येऊन थांबे. शब्द दोनच असत, "हाय काऽऽ?"

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आहे. भीमेच्या एका डोहात तेवढं पाणी उरलं होतं. ते दौंडच्या बाजूने भरायचं आणि नदी ओलांडून शिरूरच्या कोरड्या गावांना नेऊन ओतायचं, यासाठी तीन जुनाट ट्रक भाड्याने घेतले होते. त्यांच्यावर लोखंडी टाक्या चढवल्या होत्या. पहिल्या गाडीवर वरवंडचे मामा. तिन्ही गाड्यांची जबाबदारी त्यांच्यावर. शेवटच्या गाडीवर केडगावचा गुलाब, तिशीतला, हसरा, सदा तंबाखूने गाल फुगलेला. मधल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी मी, रोजंदारीवरचा कारकून. गावोगाव पाणी पोचल्याच्या सह्या घेणं हे माझं काम. मॅट्रिक झाल्याची घमेंड होती आणि अंगात ताकद नव्हती. मामा मला "बारकं साहेब" म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मी कधी विचारलं नाही.

गाड्यांनी एकमेकींना सांभाळून जायचं म्हणजे काय, याची मामांची स्वतःची पद्धत होती. दर वळणावर ते गाडी हळू करत, दार अर्धं उघडून मागे वळून हाळी देत. ती मी ऐकायची, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून मागे गुलाबला द्यायची. गुलाब म्हणणार "हायऽऽ", ते मी पुढे मामांना पोचवायचं. मग गाड्या वेग घेणार. आरशात धुळीशिवाय काही दिसत नसे. हॉर्न का वाजवत नाही, असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"हारन गाडीचा असतोय," मामा म्हणाले. "मला मानूस हाय का न्हाई त्ये कळाया पायजे."

ट्रकवर येण्याआधी मामा बैलगाडी हाकत. गुळाच्या पंधरा-वीस गाड्या रांगेने केडगाव स्टेशनला जात. एकाने हाळी द्यायची आणि ती शेवटच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायची, म्हणजे कुणी झोपलं नाही, कुणी मागे राहिलं नाही, हे कळे. बैल गेले, ट्रक आला, हाळी राहिली.

उत्तर आलं नाही तर मामा इंजिन बंद करत आणि खाली उतरून मागे चालत येत. हा नियम ते कुणासाठीही मोडत नसत. एकदा गुलाबच्या तोंडात तंबाखूचा एवढा मोठा बार होता की त्याला 'हाय' म्हणता येईना. भर दुपारी मामा मधली गाडी ओलांडून त्याच्यापर्यंत चालत गेले. तो ओठ मिटून कसनुसा हसत बसलेला. मामांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं.

"थुक," ते म्हणाले, "आन् बोल."

गुलाब थुंकला, म्हणाला, "हाय, मामा." तेवढं ऐकून मामा तसेच उन्हातून आपल्या गाडीकडे गेले. गुलाब आणि मी पोट धरून हसलो. त्या उन्हाळ्यात हसल्याचा तेवढा एकच प्रसंग मला आठवतो.

कारण आम्ही सगळे फार थकलो होतो. दिवसाला तीन खेपा, कधी चार. गावात शिरायच्या आधीच बायका हंडे घेऊन गाडीमागे धावत. नळीवरून भांडणं होत, माझ्या वहीवर चिखलाचे हात पडत. मामा नळी स्वतः धरत आणि म्हाताऱ्या बाईला आधी पुढे घेत. कुणी शिवी दिली तर म्हणत, "द्या वो शिव्या, पर हंडा सरळ धरा." परतताना मात्र तेही बोलत नसत. एकदा डोहाकाठी भाकरी खाताना ते मला म्हणाले, "दमल्यालं मानूस आधी कानानं दमतंय, बारकं साहेब. हातपाय मागनं." मी मान हलवली. तोवर माझे कान केव्हाच दमले होते.

मे महिन्यातला एक दिवस, त्या दिवसाची तिसरी खेप. न्हावऱ्याच्या अलीकडे एक नाला लागे आणि त्यापुढे वळण होतं. सकाळपासून माझ्या अंगात कणकण होती. दाराच्या तापलेल्या पत्र्याला डोकं टेकून मी डोळे मिटले होते. पुढून हाळी आली, "हाय काऽऽ?" मागे वळायचं म्हणजे उठायचं, बाहेर वाकायचं, नाकातोंडात धूळ घ्यायची. शंभर वेळा विचारलं होतं आणि शंभर वेळा गुलाब होताच. मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. बसल्या जागेवरून ओरडलो, "हायऽऽ!"

गाड्यांनी वेग घेतला.

गावात आम्ही दोनच गाड्या पोचलो. बायकांनी विचारलं, तिसरी कुठाय? बराच वेळ वाट पाहिली. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी वहीत पाहिलं. मग टाकी रिकामी न करताच त्यांनी गाडी मागे फिरवली. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

नाल्याची कड खचली होती. गुलाबचा ट्रक आडवा पडला होता, टाकी सुटून लांब गेली होती, पाणी वाळूत केव्हाच जिरलं होतं. गुलाबचा उजवा पाय केबिनखाली अडकलेला. शुद्धीवर होता. मामांना पाहिल्यावर तो जे म्हणाला ते मी आजही कुणासमोर सांगताना चाचरतो.

"मामा, वरडलो की वो मी. लय वरडलो."

मामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दौंडच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला, पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनी जबाब घ्यायला बोलावलं. मामा उभे, साहेब खुर्चीत, आणि लिहायला मी. तिथे दुसरा कारकून नव्हता. साहेबांनी विचारलं, त्या वळणावर काय झालं? मामा सरळ समोर पाहत म्हणाले, "त्या वळनावर म्या हाळीच दिली न्हाई. दमलो व्हतो."

माझा टाक थांबला. साहेब म्हणाले, लिहा. मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं. मामांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर मीच टेकवला. मामांना कामावरून काढलं. त्यांच्या घरात खाणारी सहा तोंडं होती आणि त्या वर्षी दुसरं काम कुठेच नव्हतं. ते खडी फोडायला गेले. मी पुढच्या वर्षी शिरूरच्या कचेरीत कायम झालो.

सहा वर्षं मी वरवंडला गेलो नाही. गेलो तेव्हा मामा कुणाच्या तरी कांदाचाळीत कांदे निवडत होते. म्हातारे झाले होते. मला पाहून त्यांनी पोतं झटकून अंथरलं, "बसा, बारकं साहेब," म्हणाले. मी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी मी मागे विचारलंच नव्हतं, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, मी ते लिहून घेतलं.

मामा एक सडका कांदा बाजूला टाकत म्हणाले, "मला तवाच कळलं व्हतं."

"कधी?"

"त्याच वळनावर. आवाज गुलाबपातूर जाऊन माघारी याया येळ लागतो. म्या इचारल्याबरुबर तुमी हाय म्हनालात." त्यांनी पुढचा कांदा उचलला. "कळलं, तरी म्या उतारलो न्हाई. ऊन लय व्हतं. पाय वढत न्हवतं. मनलं, हाय म्हनतंय तर आसंल. मंग जबाबात दुसऱ्याचं नाव कशाला घिऊ?"

मला वाटलं होतं की ते रागावतील, नाहीतर माफ तरी करतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. त्यांनी आपला वाटा तेवढा उचलला आणि माझा माझ्यापुढे ठेवला. मला त्यांचा रागच आला, आणि त्याची लाज वाटली.

"गुलाबला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"व्हय. पयल्याच साली जाऊन सांगितलं. माझं सांगितलं. तुमचं तुमी सांगा." मग ते हात झटकून उठले, मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. "चारला यष्टी हाय, केडगाववरनंच जाती शिरूरला. टेशनासमोर सायकलीचं दुकान हाय त्याचं. कुनीबी दाखवंल."

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या भेटीच्या दिवशी मी चारच्या एसटीत बसलो, तिकीट केडगावचंच काढलं. स्टेशनासमोर गाडी थांबली. खिडकीतून दुकान दिसत होतं. एक माणूस पाठमोरा बसून चाकात हवा भरत होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. कंडक्टर दोनदा ओरडला, "केडगावचं कोण हाय का?"

मी गप्प बसलो. त्याने घंटी दिली. शिरूरला उतरताना त्याने माझं तिकीट पाहिलं आणि वरचे पैसे मागितले. मी ते देऊन टाकले.