उकिरड्यावरचं पिवळं अन् माझी चप्पल

आमच्या ताडकळसच्या घरामागं, उकिरड्याजवळच्या सडक्या लाकडावर पिवळं काईतरी आलं. कुत्रं ओकल्यावानी. मी राख टाकाया निघालो तर पोरगी आडवी आली. ती परभणीला कॉलेजात जीवजंतूंचं शिकायलीय. सोमवारी जिवंत नमुना नेऊन दाखवायचा, त्याच्यावर मार्क व्हते.

"बाबा, मी मामाकडं पिंगळीला जाऊन येते. हे लाकूड न्हाणीपाशी ओलं ठिवा, अन् हे ओट टाका थोडे थोडे."

"अळंबीला कोन जेवू घालतं?"

"अळंबी न्हाई ती. आधी लोकांनी बी तिच्यातच धरलं व्हतं. मंग आतून तपासलं तर अमिबाच्या भावकीतलं निघालं. तुमाला आव झाली व्हती ना, त्या अमिबाचं हे लांबचं चुलत."

"म्हंजे माझ्या पोटात मुक्काम करून गेलेलं सोयरं."

"अन् असं बुळबुळीत दिसणारं समदं एका भावकीतलं नसतंय."

हे मला पटलं. गावात एकाच आडनावाची दोन घरं हाईत. एकाला सुतक पडलं तरी दुसऱ्याकडं बोकड शिजतंय. पण अळंबी ती अळंबीच. मी शाळेची पायरी चढलो न्हाई, त्यामुळं माझं मत लय पक्कं असतंय. ओट मी दूधसाखर घालून खाल्ले.

सोमवारी सकाळी पोरीनं परत येऊन बगितलं तर लाकूड रिकामं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी बायकोकडं बोट केलं, "हिनंच झाडून टाकलं असंल."

"अवं, मी त्या घाणीला शिवते व्हय?"

पोरगी खाली वाकली. ओल्या फरशीवर एक पिवळसर रेघ गेली व्हती, थेट माझ्या चपलीपोत्तर. खाताना सांडलेले ओट चपलीला चिकटले व्हते, अन् त्यांच्यावर ते पिवळं पसरलं व्हतं, पानाच्या शिरांवानी.

"उपाशी पडलं की ते खायचं हुडकत निघतंय," पोरगी म्हणली. "बाबा, अळंबी चालती का?"

मी छताकडं बगितलं.

"वाटीभर खाल्ले ह्यांनी," बायको म्हणली. "दूध बी गेलं."

पोरीनं ओल्या फडक्यात चप्पल गुंडाळली, डब्यात ठिवली अन् यष्टीला निघाली.

मी म्हणलं, "दुसरी बी ने, जोडी कशाला मोडती?"

"तिच्यात जीव न्हाई."

मार्क चांगले पडले. आमच्या घरातून कॉलेजात पयली पोरगी गेली, दुसरी चप्पल. माझा नंबर अजून लागायचाय.