शेजारच्या सीटवरची सुपारी

आधीच सांगून टाकते — भूतबाधा, चकवा, अंगात येणं, यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. गावाकडं कुणी असलं सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, "तेव्हा लाईट होती का?" नवऱ्याच्या गाडीला टांगलेली लिंबू-मिरची मी स्वतः तोडून टाकलीय आणि त्यावरून सासूबाईंची बोलणीही खाल्लीत. वाचकांच्या असल्या अनुभवांचं हे सदर मी वाचायचे तेही टिंगल करायलाच. आज इथं मीच लिहितेय... हसा खुशाल.

मी शिरूर तालुक्यात, नगर रोडवरच्या एमआयडीसीत नोकरी करते. कंपनीचं नाव नको. आम्ही विमानाच्या सीटा बनवतो आणि माझं काम 'कम्फर्ट'चं. म्हणजे सीट पातळ करायची, वजन कमी करायचं, तरी माणसाची पाठ-कंबर धरता कामा नये. मागच्या शेडमध्ये आम्ही विमानाच्या केबिनचा एक तुकडाच उभा केलाय. इंग्रजीत मॉक-अप, कामगारांच्या भाषेत 'डबा'. आत खऱ्यासारख्या सीटा आहेत, डोक्यावर सामानाचे कप्पे आहेत, स्पीकरमधून इंजिनाची घरघर येते. छताचे दिवे पहाटेसारखे हळूहळू उजळतात, म्हणजे लांबच्या प्रवासात माणसाच्या झोपेचा गोंधळ कमी होतो. फक्त तो डबा उडत नाही, एवढंच.

सीटवर आम्ही एक पातळ चादर अंथरतो, सेन्सरची. माणूस बसला की बाहेरच्या स्क्रीनवर त्याचं बसणं रंगात उमटतं. भार जास्त तिथं लाल, कमी तिथं निळं, बेताचा तिथं हिरवं. इतकी वर्षं हे बघून मला आता सही ओळखावी तशी बसण्याची पद्धत ओळखता येते.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. माझे वडील, आप्पा, तरुणपणी उसाच्या ट्रॉलीवरून पडले आणि त्यांचा उजवा खुबा कायमचा गेला. तेव्हापासून ते डाव्या अंगावर कलून बसायचे. एसटीत, पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठंही. थोडा वेळ गेला की मांडीवर हात टेकून "आई गं" म्हणायचे आणि जरा पुढं सरकायचे. आमच्याकडं नवी गाडी आली की घरातल्या थोरल्याला आधी बसवायची रीत आहे. आप्पांनी मला बजावून ठेवलं होतं, "तुझं इमान तयार झालं की पयला मी बसणार. माझा खुबा दुखला न्हाई तर खुर्ची पास!" मी म्हटलं, "बसवते की, आप्पा." डबा तयार व्हायच्या आधीच ते गेले. झोपेतच गेले.

त्यांच्या मागं आईनं फाटक ओलांडणं सोडलं. घरात ठणठणीत, पण गाडीत बसवली की तिच्या छातीत धडधडायचं, घाम फुटायचा. एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला म्हणून जीपमध्ये बसली आणि वाटेतल्या राहू गावातच उतरून चालत माघारी आली. "आगं, शेजारी कुणीबी असतं, पर *ते* नसत्यात," म्हणायची. जन्मभर ती खिडकीशी बसली आणि आप्पा तिच्या शेजारी. दुसरा प्रवास तिला माहीतच नव्हता.

आणि त्यातच माझी धाकटी बहीण मनीषा जर्मनीत अडकली. पोटात जुळी, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. तिच्या नवऱ्याची नोकरी, तिथं आपलं माणूस कुणी नाही. मला कंपनीतून सुटता येईना. आईचा व्हिसा आला, तिकीट निघालं... आणि आई पदराला डोळे पुसत म्हणाली, "मला न्हाई जमायचं. विमानात मरंन मी." तिकडं मनी फोनवर नुसती रडायची. मी चिडून आईला नको ते बोलले. मग वाटलं, हिला आधी डब्यात बसवून बघू. सराव तरी होईल.

साहेबांना विचारून एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तिला घेऊन आले. राहू, मग नदीवरचा पूल, तळेगाव. वाटेत गाडी तीनदा थांबवावी लागली. शेडमध्ये आमचा ऑपरेटर रामबरन होता. बिहारचा पोरगा, कामाला वाघ. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीसाठी त्यानं सगळ्या ओळीवर चादरी अंथरून, सिस्टीम झीरो करून ठेवली होती.

आई डब्याच्या दारात थबकली. "सगळ्यात थोरली तूच आहेस, तू आधी बस," मी म्हटलं.

"थोरलं मी न्हाई, ते." तिनं कमरेची चंची सोडली, सुपारी काढली आणि खिडकीशेजारच्या मधल्या सीटवर ठेवली.

"हे काय गं?"

"पूजंला बायकू नसली तर गडी कनवटीला सुपारी लावून बसत्यात का न्हाई?"

"ते पुरुष करतात. बायका असं करत नाहीत."

"बायकांनी करू न्हाई असं कुणी लिवून ठिवलंय व्हय?" म्हणाली आणि जाऊन खिडकीशी बसली. मी पट्टा लावून दिला. इंजिनाचा आवाज सुरू करते म्हटलं आणि बाहेर स्क्रीनपाशी आले.

रामबरन स्क्रीनकडं बघत होता. "दीदी, बगल वाली सीट पे कौन है?"

"कोणी नाही. सुपारी आहे," मी म्हटलं. आणि बघितलं.

आईचं बसणं उमटलं होतं, लहानसं, सरळ. त्याच्या शेजारच्या चौकटीतही एक माणूस बसला होता. अंगापिंडानं आईपेक्षा मोठा. डावीकडं लालभडक, उजवीकडं फिकट निळं, नावापुरतं. सुपारी त्या चादरीला कळतसुद्धा नाही हो, इतकी हलकी असते!

मी दारातून डोकावले. सीट रिकामी, तिच्यावर सुपारी. आई डोळे मिटून बसलेली, हात मधल्या हँडरेस्टवर. परत स्क्रीनपाशी आले. तो लाल डाग हळूच पुढं सरकला आणि थांबला. मांडीवर हात टेकून सरकावं, तसाच. मला "आई गं" ऐकू आलं असं मी लिहिणार नाही. ऐकू काही आलं नाही. पण मला रडू आवरेना, आणि रामबरन बिचारा पाणी आणायला धावला.

मग दिवे उजळायला लागले, तो पहाटेचा प्रोग्रॅम. आणि मी बघत असताना उजवीकडचा निळा भाग भरत गेला. निळ्याचा हिरवा झाला. डावीकडचं लाल ओसरलं, तिथंही हिरवं आलं. दोन्ही बाजू सारख्या. आप्पांना असं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आई उठली, सुपारी उचलली, आणि ती चौकट काळी झाली. रेकॉर्डिंग चालू नव्हतं, चाचणी दुसऱ्या दिवशी होती ना.

"बसता येतंय की," आई बाहेर येऊन म्हणाली. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबवायला लावली नाही. स्क्रीनवर काय दिसलं ते मी तिला सांगितलं नाही. रामबरनला तर मी शपथच घातली.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं तपासलं. केबल बदलल्या. एका सीटचा सिग्नल दुसरीत झिरपतो का, पाहिलं. पण झिरपला असता तर आईचंच बसणं दिसलं असतं. सुपारी ठेवून पाहिली, नारळ ठेवून पाहिला, स्वतः खिडकीशी बसून रामबरनला बघायला लावलं. काही नाही. आमच्या चादरी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला, नाव-गाव न सांगता, विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, असं होत नाही."

निघायच्या दिवशी मी आईला विचारलं, "सुपारी घेतलीस का?"

"देव्हाऱ्यात ठिवलीय. आता काय करायचीय?" म्हणाली आणि विमानतळाच्या काचेच्या दारातून मागं वळून न बघता आत गेली. ती, जी राहूच्या पुढं जात नव्हती!

दुसऱ्या दिवशी मनीच्या घरून आईचा फोन आला. मनी पलीकडं हसत होती, किती दिवसांनी. मी विचारलं, "घाबरलीस का गं? शेजारी कोण होतं?"

"मधली जागा मोकळीच व्हती. कडंला एक पुण्याचं पोरगं. लई गुणाचं. म्हणलं, काकू, जागा रिकामी हाय, पाय पसरून झोपा. म्या न्हाई पसरलं."

"अगं, का? एवढा लांबचा प्रवास!"

"येडी का खुळी तू? बसल्या माणसाच्या अंगावर पाय टाकू व्हय?"

मग तीच म्हणाली, "आन् स्वाते, त्यांचा खुबा न्हाई दुखला बघ. तुझ्या त्या डब्यात बसलं व्हतं ना, तसंच बसलं. दोन्ही अंगावर, नीट."

मनीच्या दोन्ही मुली सुखरूप आहेत. आई अजून तिकडंच आहे. माझ्याकडं या सगळ्याचं उत्तर आजही नाही. कुणाकडं असेल तर जरूर कळवा. फक्त 'सेन्सर बिघडला असेल' एवढं सांगू नका, ते मी तपासलंय. आणि ती सीट पास झाली.